पडदा : दाराचा, सिनेमाचा आणि सतारीचा

प्रश्न असा आहे : "'कट्यार काळजात घुसली' हे नाटक पडद्यावर आलं, असं सगळे म्हणतात. पण नाटकालाही पडदा असतोच की! मग हा प्रयोग बरोबर का? आणि 'पडतो तो पडदा' ही व्युत्पत्ती खरी का?"

आधी दुसरा भाग, कारण ते वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात निवेदक ठसक्यात "पडतो तो पडदा!" म्हणतात आणि सभागृह टाळ्या वाजवतं. अहो, दाराचा पडदा कुठे पडतो? तो तर सरकतो. शब्द सरळ फारसी आहे, 'पर्दा'. हिंदी-उर्दूत त्याचा 'र' टिकला, मराठीत आणि गुजरातीत 'ड' झाला. 'गर्दी', 'दर्दी', 'सरदार' यांचा 'र' आपण ठेवला आणि इथेच बदलला, त्याला कारण 'पडणे'ची ओढ असावी, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे 'पडणे'नं शब्द जन्माला घातला नाही, फक्त त्याचा उच्चार आपल्याकडे ओढला.

कापडाचा, कानाचा, लाजेचा पडदा सगळ्यांना ठाऊक आहे. मला सांगायचंय ते सतारीबद्दल. दांडीवर दोऱ्यानं बांधलेल्या पितळी कमानी असतात, त्यांना वादक पडदेच म्हणतात. शुद्ध गंधाराचा, म्हणजे 'ग' स्वराचा, कोमल (किंचित उतरलेला) करायचा तर तो पडदा खुंट्यांच्या बाजूला सरकवायचा. दोरा किंचित कुरकुरतो, पडदा बोटभर हलतो आणि रागाचा चेहरा बदलतो. हा अर्थ आपण लाक्षणिक म्हणून जोडलेला नाही, तो फारसीतूनच आला. तिथे 'पर्दा' म्हणजे आडोसा, वाद्याचा पडदा आणि सूरसुद्धा. अर्ध्या स्वराला 'नीम-पर्दा' म्हणतात. नाटकाच्या अंकालाही पर्दा आणि सिनेमाच्या पडद्यालाही पर्दाच! 13व्या शतकात फारसी कवी रूमींनी 'मसनवी' या काव्याच्या आरंभीच बासरीबद्दल म्हटलंय की तिच्या पडद्यांनी आमचे पडदे फाडले. पहिले पडदे सुरांचे, दुसरे मनावरचे. मराठीत आणताना शब्दसुद्धा बदलावा लागत नाही.

कापडाचं नाव सुराला का मिळालं? माझा तर्क असा : पडदा ओटी आणि माजघर वेगळं करतो, तसाच सतारीचा पडदा एका तारेचे भाग पाडतो.

आता 'पडदा'ऐवजी 'रजतपट' (सिनेमाचा पडदा) आणि 'यवनिका' (नाटकाचा पडदा) म्हणा, असं सांगणाऱ्यांबद्दल. फारसी शब्द दिसला की हाकलायचा, ही सवय सावरकरांच्या भाषाशुद्धीपासून अनेकांना लागली. 'चित्रपट' शब्द सुंदर आहे, वाद नाही. पण संस्कृत 'पट' म्हणजे वस्त्र, त्यात सूर नाही. 'यवन' म्हणजे ग्रीक, म्हणून 'यवनिका'वरून तर 19व्या शतकात युरोपीय पंडितांनी आपला पडदाच ग्रीकांच्या पदरात टाकला. पण नाटककार सोफोक्लीसच्या काळात ग्रीक रंगभूमीला दर्शनी पडदा नव्हता, आणि संस्कृतात 'जवनिका' असंही रूप सापडतं. हा सिद्धांत आजही व्याख्यानांत बिनदिक्कत सांगितला जातो, तो आता सोडून द्यावा.

म्हणूनच संगीत नाटकाचा सिनेमा झाला की मला हा शब्द विशेष प्रिय वाटतो. 1967 सालचं नाटक, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे शब्द, अभिषेकीबुवांचं संगीत, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत गायक वसंतराव देशपांडे. 2015च्या सिनेमात खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, त्यांना गळा दिला वसंतरावांच्या नातवानं, राहुल देशपांडेंनी. आजोबांच्या गाण्यातल्या खास जागा नातवाच्या गळ्यातून आल्या तेव्हा मी खुर्चीच्या कडेवर येऊन ऐकत होतो. तो आवाज येत होता पडद्यामधून, कारण थिएटरच्या पडद्याला बारीक भोकं असतात आणि मधले स्पीकर त्याच्या मागे असतात. सूर आणि कापड एकाच शब्दात का नांदतात, ते त्या अंधारात मला कानांनी कळलं.

हां, प्रयोगाचं राहिलंच. नाटक पडद्यामागून येतं, सिनेमा पडद्यावर. फरक 'वर'मध्ये आहे. 'कट्यार पडद्यावर आली' हे शंभर टक्के शुद्ध मराठी.