पुढच्या डिस्क : छिद्रांच्या की साध्या?

प्रश्न : माझ्याकडे जुनी पोर्शे बॉक्सस्टर गाडी आहे. समृद्धी महामार्गावर वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या, ब्रेक लागताना दाबल्या जाणाऱ्या तबकड्या) बदलताना मूळच्यासारख्या छिद्रांच्याच घ्याव्यात की साध्या?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आधी डिस्क खरोखरच बाद झाली आहे का, ते तपासावे. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. मायक्रोमीटरने चार-सहा ठिकाणी मोजल्यावर जाडी त्याहून कमी भरली, किंवा छिद्रांपासून निघालेल्या भेगा कडेपर्यंत पोहोचल्या असतील, तर डिस्क बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागावरचा) गंज खरवडून काढला नाही, तर नवी डिस्कही तिरकी बसते आणि थरथर कायम राहते. घाईच्या गॅरेजमध्ये नेमके हेच राहून जाते.

छिद्रांची डिस्क दिसायला देखणी असते आणि पावसात तिची पकडही लवकर येते, परंतु आपल्याकडील पांदण रस्त्यांची काळी चिकण माती त्या छिद्रांत भरून वाळते. म्हणून, व्यास, जाडी आणि बैठक मूळ डिस्कइतकीच असेल तर, आतून हवा खेळणारी साधी डिस्क घ्यावी, असे माझे मत आहे. आतील पाती वक्र असल्यास डावी-उजवी डिस्क वेगळी असते, हे मागणी नोंदवतानाच सांगावे. दोन्ही डिस्क एकदमच बदलाव्यात, डिस्कला दाबणारे ब्रेक पॅडही नवे घ्यावेत, आणि सुरुवातीचे काही दिवस करकचून ब्रेक दाबणे टाळावे.