केंड्रिक लमारची कमी वाजणारी गाणी: सुरुवात कुठून करावी

अमेरिकी रॅपर केंड्रिकचा २०१२चा अल्बम ‘गुड किड, मॅड सिटी’ घ्या, शफल (गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणं) बंद करा. गाण्यांच्या शेवटी येणारे आईवडिलांचे फोनवरचे निरोप कथा पुढे नेतात. नवखे नेमके तेच गाळतात.

खरा ऐवज म्हणजे १०वं गाणं, १२ मिनिटांचं ‘सिंग अबाउट मी, आयॅम डाइंग ऑफ थर्स्ट’. पहिल्या कडव्यात बोलतोय तो केंड्रिक नाही, मारल्या गेलेल्या मित्राचा भाऊ आहे, आणि त्याचं वाक्य गोळ्यांनी अर्ध्यावर तुटतं. दुसऱ्यात, आपण विरून जाणार नाही असं बजावणाऱ्या बाईचा आवाजच हळूहळू विरत जातो. काय ताकदीची रचना आहे! त्यासाठी हेडफोन हवेतच.

आधी नुसतं ऐका, मग शब्द समोर ठेवून. ‘संथ आहे’ म्हणून पहिल्याच फेरीत सोडू नका. बाकीचे अल्बम नंतर.