'कम्फर्टेबली नम्ब'चा सोलो एका दमात वाजवलेला आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'कम्फर्टेबली नम्ब' गाण्यातला शेवटचा गिटार सोलो, म्हणजे गिटारचा एकल तुकडा, बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मरने एका दमात वाजवला होता का? आणि मग प्रत्येक कार्यक्रमात तो वेगळा का ऐकू येतो?

एका दमात नाही. तो निवडून जोडलेला सोलो आहे, आणि म्हणूनच तो लोकांना गुणगुणता येतो असं माझं ठाम मत आहे. पण त्यासाठी गाणं कसं घडलं ते आधी सांगावं लागेल.

1978 साली गिल्मरने स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम केला. ते काम संपताना त्याच्याकडे एक चाल उरली होती, शब्द नसलेली. बँडच्या 'द वॉल' या अल्बमचं काम सुरू झाल्यावर ती त्याने बँडपुढे ठेवली आणि बँडचा बासवादक व गीतकार रॉजर वॉटर्सने तिच्यावर शब्द लिहिले. तेव्हा गाण्याचं कच्चं नाव होतं 'द डॉक्टर'. हा डॉक्टर खराखुरा होता. जून 1977 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका कार्यक्रमाआधी वॉटर्सच्या पोटात कळा येत होत्या. डॉक्टरने गुंगी आणणारं इंजेक्शन दिलं आणि तो तसाच मंचावर गेला. हात धड उचलत नाही, आणि समोर खच्चून भरलेलं सभागृह. अल्बममधल्या पिंक नावाच्या रॉकस्टारच्या वाट्याला त्याने हीच अवस्था दिली.

आता स्वरांकडे या, कारण खरी गंमत तिथे आहे. कडवी डॉक्टरची, ती वॉटर्स गातो आणि ती बी मायनरमध्ये आहेत. ध्रुवपद पिंकचं, ते गिल्मर गातो आणि ते डी मेजरमध्ये आहे. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना असं सांगता येईल: बहुतेक सूर तेच, षड्ज हलवला. तेवढ्याने कोरड्या चौकशीतून माणूस एकदम बालपणाच्या आठवणीत जातो. गाण्यात सोलो दोन आहेत हे पुष्कळ जण विसरतात. पहिला ध्रुवपदाच्या कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांवर आहे, मोकळा, उजेडाचा. दुसरा, ज्याबद्दल तुम्ही विचारताय, तो कडव्याच्या कॉर्ड्सवर आहे. म्हणजे तोपर्यंत पिंकला इंजेक्शन दिलेलं आहे, त्याला मंचावर ढकलायचं आहे, आणि त्याची गिटार आता डॉक्टरच्या मायनरमध्ये ओरडते आहे. हा सोलो गाण्यातून कापून नुसता ऐकला की त्याचं निम्मं दुःख हरवतं.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी जोरदार भांडण झालं. निर्माता बॉब एझ्रिनने संगीतकार मायकल कामेनकडून वाद्यवृंदाची रचना करून घेतली होती आणि वॉटर्सचा कल तिकडे होता. गिल्मरला गाणं कमी सजवलेलं, जास्त खरबरीत हवं होतं. शेवटी तडजोड झाली: गाण्याचा मुख्य भाग वाद्यवृंदासकट, शेवटचा सोलो खरबरीत. दोघांपैकी कोणा एकाचं सगळं चाललं असतं तर गाणं इतकं मोठं झालं नसतं. कारण मऊ तंतुवाद्यांमधून बाहेर पडल्यावर ती बिग मफ या आवाज खरबरीत करणाऱ्या पेडलमधून आलेली गिटार ज्या जोराने अंगावर येते, तो जोर त्या फरकातूनच येतो.

सोलोसाठी गिल्मरने पाच-सहा वेळा पूर्ण वाजवलं. मग ते सगळे टेक, म्हणजे प्रत्येक वेळचं ध्वनिमुद्रण, ऐकत कागदावर मात्रांचे गट आखले आणि कुठल्या टेकमधला कुठला तुकडा चांगला आहे त्यावर खुणा केल्या. मिक्सरवर आवाज कमीजास्त करणारा एक फेडर खाली, दुसरा वर, असं करत ते तुकडे एका ओळीत आणले. काही जणांना हे ऐकून वाईट वाटतं, फसवल्यासारखं. मला उलट वाटतं. सुचण्याचं काम बोटांनी केलं आणि रचण्याचं काम कानांनी. तो सोलो रचना आहे, त्याला सुरुवात, चढण आणि शिखर आहे, ते या निवडीमुळे.

सूर मुख्यतः बी मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या सप्तकाचे. बी ला सा मानलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी रागाचे सूर हेच. नवशिक्यालासुद्धा हे पाच सूर पहिल्या काही महिन्यांत येतात. मी गिटार शिकवतो आणि हा सोलो बसवायला घेतलेली मुलं वेगाने कधीच अडत नाहीत, अडतात ती बेंडमध्ये. गिल्मर तार ओढून एका सुरावर पोहोचतो, तिथे थांबतो, आणि मग त्याच सुरावर कंप सुरू करतो. मींड घेताना गवई मधल्या श्रुती टाळत नाही, तसं त्या ओढण्यात मधलं सगळं ऐकू यावं लागतं. टॅब, म्हणजे बोटं कुठे ठेवायची ते दाखवणारं लिखाण, पाहून हे येत नाही, गाऊन येतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तबकडीतच आहे. तिथे सोलो संपत नाही, आवाज हळूहळू कमी होत जातो. मंचावर असं करता येत नाही, शेवट वाजवावाच लागतो. त्यामुळे 1980 पासूनच तो वाढू लागला. 'द वॉल'च्या त्या दौऱ्यात बँड आणि प्रेक्षक यांच्यामध्ये सुमारे 40 फूट उंच पांढरी भिंत उभी राहायची आणि गिल्मर भिंतीच्या माथ्यावर, मागून प्रकाश घेत वाजवायचा. पहिला सोलो तो आजही बराचसा तबकडीसारखा वाजवतो. दुसऱ्याची सुरुवात ओळखीची ठेवतो आणि पुढे मोकळा सुटतो.

वॉटर्स बँड सोडून गेल्यावर डॉक्टरची कडवी इतरांकडे गेली. 1994 च्या दौऱ्यातलं, 'पल्स' या अल्बममधलं रूप लांबलचक आणि भव्य, लाल स्ट्रॅटोकॅस्टर गिटारवर वाजवलेलं. मला मात्र 2 जुलै 2005 चं, लंडनच्या हाइड पार्कमधल्या 'लाइव्ह 8' या कार्यक्रमातलं जास्त आवडतं. जुनी काळी स्ट्रॅट परत हातात, वॉटर्ससकट बँडचे चौघे एकत्र, आणि सोलो आटोपशीर. कीबोर्डवादक रिचर्ड राइट 2008 मध्ये वारल्यामुळे ते चौघे पुन्हा कधी एका मंचावर आले नाहीत. ती काळी गिटार 2019 मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरला गेली आणि पैसे हवामानबदलावर काम करणाऱ्या संस्थेला दिले गेले.

2022 मध्ये वॉटर्सने गाण्याचं नवं, काळोखं रूप काढलं आणि त्यातून गिटारचा सोलो काढूनच टाकला. शेवटी शनाय जॉन्सन ही गायिका आलाप घेते. ते रूप मला मनापासून आवडत नाही, पण ऐका जरूर. सोलो नसताना शब्द किती थंड आहेत ते तिथे कळतं.

क्रम विचाराल तर आधी 1979 ची तबकडी, मग 'लाइव्ह 8', मग 'पल्स', आणि सर्वांत शेवटी 2022. गिटार वाजवत असाल तर पहिला सोलो आधी बसवा, पण तोही सोपा नाही.