पत्र्याच्या शेडमधला आवाज

रेकॉर्डिंगमध्ये गॅरेज रॉकचा, म्हणजे कच्च्या, दणदणीत रॉकचा खरखरीतपणा हवा म्हणून आधी फझ पेडल (गिटारचा आवाज फाडणारी पायपेटी) घेऊ नको, भावा. सॉनिक्स या अमेरिकन गॅरेज बँडची १९६५ ची पहिली एलपी दोन ट्रॅकच्या टेपवर झाली आणि अख्ख्या ड्रमसेटला एकच माइक होता. सगळे एकदम वाजवतात, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. तो गोंधळ पुसायचा नसतो.

एमआयडीसीतलं रिकामं पत्र्याचं शेड मिळालं तर उत्तम, पण उघडा पत्रा सिंबलबरोबर (ड्रमच्या झांजांबरोबर) झणझणतो. ड्रमच्या मागे दोन वाकळा टांग, समोरची भिंत उघडीच ठेव. माइक बेस ड्रमच्या पुढे साधारण १ मीटर, छातीच्या उंचीवर. नुसते सिंबलच ऐकू येतात? माइक खाली घे आणि ड्रमरला हात आवरायला सांग. दुसरं काम जास्त अवघड.

गिटारला १५ वॉटचा ट्यूब अँप पुरे. गेन (आत येणारा आवाज वाढवणारं बटण) अर्ध्यावर, व्हॉल्यूम चढता. माइक अँपच्या जाळीपासून २-३ सेंटीमीटरवर, स्पीकरच्या शंकूच्या मधोमध नको, जरा कडेला. मधोमध आवाज टोचतो. रेकॉर्डिंगची पातळी मात्र -६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नको. अँप फाटल्यासारखा वाजला तर मजा, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) क्लिप झाला, म्हणजे पातळी त्याच्या मर्यादेबाहेर गेली, तर नुसती कचकच.

अँपमधून विजेची घूं-घूं येत असेल तर सगळं सामान विजेच्या एकाच बोर्डावर लाव. अर्थिंगची पिन काढायला सांगणारे भेटतील. ऐकू नको, शॉक जिवावर बेततो. आणि मे महिना असला तरी टेक चालू असताना कूलर बंद. गिटारच्या तापलेल्या तारा सुरात उतरतात, म्हणून दर गाण्याआधी ट्यूनिंग तपास.