लेबर प्रॅक्टिस बेळगावात चालते का? माझं उत्तर

प्रश्न वाचला. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहेस, वडील उद्यमबागेत (आपल्या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात होते, लेबरमध्येच, म्हणजे कामगार कायद्यातच प्रॅक्टिस करायची म्हणतोस आणि सीनियर मंडळी सांगाय लागलेत की त्यात पैसा नाही, सिव्हिल धर. मी बरीच वर्षं हेच करतोय. सुरुवात एका कंपनीच्या पर्सोनेलला (आताचं एचआर) केली, वकिलीची सनद नंतर घेतली, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्यात.

कॉलेजात कुणी नीट सांगत नाही ती गोष्ट आधी. या कामात वकिलाला मुळात पूर्ण मोकळीकच नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ३६ काढून वाच. लेबर ऑफिसरपुढे समेटाची बोलणी असतात तिथं वकील चालतच नाही, आणि लेबर कोर्टात उभं राहायचं तर समोरच्या पार्टीची संमती पाहिजे, वर कोर्टाची परवानगी. जुने कामगार कायदे एकत्र करून जे नवे कोड केलेत, त्यातही ते तसंच ठेवलंय. पण युनियनचा पदाधिकारी बिनासनदीचा बिनधास्त उभा राहतो, आणि त्याला मागची सगळी अ‍ॅग्रीमेंटं पाठ असतात, तेव्हा त्याला हलका समजू नकोस.

आता खरं सांगू का, लेबरची निम्मी केस कोर्टात यायच्या आधीच झालेली असते, कंपनीतल्या डोमेस्टिक एन्क्वायरीत, म्हणजे कामगारावर आरोप ठेवून कंपनी स्वतःच करते त्या चौकशीत. चार्जशीट, एन्क्वायरी ऑफिसर, कामगाराच्या बाजूने बसलेला एखादा सहकारी, आणि प्रोसिडिंगच्या प्रत्येक पानाखाली सही. तिथं 'बियाँड डाउट', म्हणजे फौजदारीसारखा शंकेपलीकडचा पुरावा वगैरे काही लागत नाही. १९७७ साली हरियाणाच्या एका बस कंडक्टरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की पॅसेंजरला साक्षीला आणलंच पाहिजे असं नाही, थोडाफार विश्वासार्ह पुरावा असला तरी पुरे. म्हणजे एन्क्वायरी नियमाने झालेली असली की तुझ्या हातात बहुतेक एवढंच उरतं, की शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त झाली, कमी करा (जुनं कलम ११-अ). म्हणून प्रोसिडिंग ओळ न् ओळ वाचायला शीक. आपल्याकडे तर जास्तच, कारण कामगार खानापूरकडचा मराठी, चार्जशीट इंग्लिशमध्ये, जबाब कन्नडमध्ये लिहिलेला आणि खाली 'वाचून दाखवलं, समजलं' म्हणून सही. कुणी वाचलं, कुठल्या भाषेत वाचलं, ते वाचणाऱ्याला मराठी येतं का, हे एन्क्वायरी ऑफिसरला उलटतपासणीत विचारलं की कितीतरी वेळा सगळी एन्क्वायरीच लटपटते.

दुसरं म्हणजे २४० दिवस, वर्षात तेवढं काम भरलं तरच नोटीस-भरपाईशिवाय काढलं म्हणून भांडता येतं. कॉन्ट्रॅक्टरकडचा पोरगा येतो, चार वर्षं काम केलं म्हणतो आणि कागद शून्य. काम केल्याचं सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर आहे, नुसतं अ‍ॅफिडेव्हिट चालत नाही, हे २००२ मध्ये वनखात्याच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. तेव्हा पहिल्या भेटीत त्याला मनसोक्त बोलू दे, पण पीएफचं पासबुक, ईएसआय कार्ड, गेटपास, ओव्हरटाइमची चिठ्ठी, जे असेल ते बघितल्याशिवाय सोडू नकोस. आणि मस्टर (हजेरीपट) कंपनीकडे असतं, ते हजर करा म्हणून अर्ज लगेच टाकायचा. तो राहिला तर मग बोंबलत बसायची पाळी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, त्यामुळे तुझ्या बॅचला जुनं-नवं दोन्ही वाचावं लागणार, नाइलाज आहे. एक उदाहरण देतो. 'हा कामगारच नव्हे, सुपरवायझर आहे' हा मॅनेजमेंटचा पहिला आक्षेप ठरलेला. पूर्वी महिन्याला १०,००० च्या वर पगार असलेला सुपरवायझर कामगार धरत नसत, आता ती मर्यादा १८,००० झालीय. पण नुसत्या हुद्द्यावर काही ठरत नाही. मोल्डिंगमध्ये दिवसभर साचेच भरत असेल तर कार्डावर सुपरवायझर लिहून काय उपयोग, मुख्य काम काय ते बघतात. हे कोर्टाला पटवायचं तर साचा कसा भरतात ते तुला माहीत पाहिजे, आणि इथं वडिलांचा तुला जेवढा उपयोग होईल तेवढा कुठल्या कॉमेंटरीचा होणार नाही.

पैशाचं. नोकरी गेलेला माणूस फी कुठून देणार? मिळालेल्या रकमेत टक्का घेतात काही जण, पण बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही, त्या वाटेला जाऊ नकोस. औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी फुकट वकील मिळू शकतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम १२ मध्ये आहे, त्या पॅनेलवर नाव घाल, पैसे थोडे पण हात बसतो. बाकी घर चालतं ते कंपन्यांच्या महिन्याच्या रिटेनरवर, म्हणजे बांधून दिलेल्या फीवर; कामं म्हणजे पीएफ-ईएसआय, स्टँडिंग ऑर्डर (कंपनीतले नोकरीचे नियम), कॉन्ट्रॅक्टरची लायसन्सं. त्यात लाज कसली? माझं मत तर असं की पहिली दोन-तीन वर्षं मॅनेजमेंटच्याच वकिलाकडे बस, चार्जशीट कशी बनते ते तिथं कळतं. फक्त ज्या कंपनीचं काम केलंस तिच्या कामगाराची केस नंतर घेऊ नकोस, गाव लहान आहे.

वाचायला कुणाचं घेऊ म्हणालास. गजेंद्रगडकर घे. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेला माणूस, १९६४ ते ६६ सरन्यायाधीश, आणि १९६९ ला रिपोर्ट देणाऱ्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष. बोनस, पगार यावरचे त्यांचे निकाल अजून वाचावेसे वाटतात. निपाणीकडची कामं येणार असतील तर १९६६ चा विडी कायदाही बघून ठेव. आता तो सेफ्टी कोडमध्ये गेला, पण घरी तंबाखू-पान आणून विड्या वळणारी बाईसुद्धा कर्मचारी धरली जाते हे त्यात साफ लिहिलेलं होतं.

बेंगळूरला जाऊ का, याला माझं उत्तर नको असंच आहे, कारण आपल्याकडे दोन राज्यांचं काम मिळतं. बेळगावची किती पोरं शिनोळीला कामाला जातात! ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, तिथला कामगार आला की १९७१ चा अनफेअर लेबर प्रॅक्टिसचा (अनुचित कामगार प्रथांचा) महाराष्ट्राचा कायदा काढायचा, त्यात तक्रारीला ९० दिवसच असतात आणि बरेच जण लेबर ऑफिसच्या चकरा मारण्यातच ते घालवून बसतात. हायकोर्टाला इकडचं धारवाड, तिकडचं आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर. कर्नाटकची सनद तिकडेही चालते. फक्त कन्नड नुसतं बोलून भागणार नाही, लिहा-वाचायला शीक, आणि ते परीक्षेच्या आधीच सुरू कर.