अमेरिकेने इराक आणि अफगाणिस्तानात नेमकं किती सैन्य पाठवलं होतं?

एकच आकडा नाही सांगता येणार, कारण तो सारखा बदलत होता. इराकमध्ये सगळ्यात जास्त २००७ साली, साधारण १ लाख ७० हजार, आणि अफगाणिस्तानात २०१०-११ च्या सुमारास १ लाखाच्या आसपास, नाटोच्या बाकी देशांचे वेगळे. व्हिएतनामशी तुलना केली तर हे कमीच वाटतं, तिथे १९६९ ला ५ लाख ४० हजारांच्या वर होते, पण तेव्हा सक्तीची भरती होती जी १९७३ ला बंद झाली.

पण माझ्या मते हे आकडे बघून फसायला होतं. एका वेळी तिथे किती होते एवढंच त्यातून कळतं, माणसं बदलत राहतात, त्यामुळे अफगाणिस्तानात २० वर्षांत मिळून ८ लाखांच्या आसपास सैनिक जाऊन आले, त्यातले बरेच दोन-तीनदा, आणि इराकमध्ये तर २००७ ला आर्मीची एका खेपेची ड्युटी १२ महिन्यांवरून १५ महिने केली कारण माणसंच पुरत नव्हती. घरच्यांचे काय हाल झाले असतील! शिवाय स्वयंपाक, ट्रक, सिक्युरिटी वगैरे कामं करणारे कंत्राटी लोक जवळपास सैन्याइतकेच होते आणि ते सैन्याच्या आकड्यात धरलेच जात नाहीत.

बगदाद तीन आठवड्यांत पडलं, खरी माणसं लागली ती नंतर ताबा टिकवायला.