आल्प्सच्या घाटातली कोणती मोटार शर्यत वाचण्यासारखी आहे?

तुम्ही विचारलंय, आल्प्सच्या घाटांतल्या जुन्या मोटार शर्यतींपैकी एकीचाच इतिहास वाचायचा तर कोणती निवडावी. माझं उत्तर क्लाउझेन.

स्वित्झर्लंडच्या ग्लारुस भागातल्या लिंथाल गावातून निघायचं आणि क्लाउझेन खिंडीत पोचायचं. अंतर २१.५ किलोमीटर, चढ १,२३७ मीटरचा, वळणं १३६ आणि रस्ता बहुतेक खडीचा. १९२२ ते १९३४ या काळात ही शर्यत दहा वेळा झाली. गाड्या एकेक करून सोडायच्या, त्यामुळे चालकाची लढत घड्याळाशीच असे.

मला हा घाट आवडतो तो त्याच्या मधल्या टप्प्यामुळे. पहिला चढ संपला की उर्नरबोडेन नावाचं लांबलचक सपाट कुरण लागतं, उन्हाळ्यात गुरं चरायला नेतात ते. तिथे सरळ रस्त्यावर गाडी हवी तेवढी पळवता येते आणि लगेच पुन्हा नागमोडी चढण सुरू. गिअर चढासाठी जुळवले तर सपाटीवर गाडी मागे पडणार, सपाटीसाठी जुळवले तर चढावर इंजिन दमणार. त्यात वर जावं तशी हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद आणखी घटते. ही तडजोड आधीच करून ठेवावी लागे.

शेवटची शर्यत १९३४ सालची. जर्मन शर्यतचालक रुडॉल्फ काराच्चिओला मर्सिडीज घेऊन उतरला होता. आदल्या वर्षी मोनाकोला सरावात त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं, तो पाय कायमचा आखूड राहिला. ३४च्या सुरुवातीलाच त्याची पत्नी शार्लोट हिमकडा कोसळून गेली. असा माणूस त्या ऑगस्टमध्ये हा घाट १५ मिनिटं २२.२ सेकंदांत चढला. सरासरी ताशी ८४ किलोमीटर, खडीवर! ऑटो युनियन या दुसऱ्या जर्मन कंपनीचा चालक हान्स श्टुक जेमतेम तीनेक सेकंदांनी मागे राहिला. श्टुकला लोक ‘डोंगरांचा राजा’ म्हणत, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या तीन सेकंदांची किंमत कळते.

त्यानंतर ती शर्यत भरलीच नाही, म्हणून काराच्चिओलाची वेळ विक्रम म्हणून तशीच राहिली. १९९३पासून अधूनमधून जुन्या गाड्यांचा स्मृतिसोहळा मात्र त्याच रस्त्यावर झाला आहे.